दोननळी रायफल आणि तिचा भरणा

यंदाच्या व्याख्यानमालेत मी बंदुकीच्या बारावर बोलणार असे जाहीर झाले, तेव्हा अनेकांना नवल वाटले. कामगारांच्या सभांत मजुरी, बोनस आणि हजेरी यांवर बोलणाऱ्या माणसाचा शिकारीच्या रायफलीशी काय संबंध, असा प्रश्न काहींनी तोंडावरच विचारला. प्रश्न रास्त आहे. मी शिकारी नाही आणि बंदुकीचा परवानाही माझ्याजवळ नाही. माझे बरेचसे आयुष्य जिनात सरकी-रुईच्या धुळीत काम करणाऱ्यांच्या संगतीत गेले. शाळा लवकर सुटली, पुढचे शिक्षण वाचनालयात झाले. परंतु ज्या यंत्रावर माणसाचा जीव अवलंबून असतो, त्या यंत्राचे माप कोण धरतो आणि माप चुकले तर भोगतो कोण, हा प्रश्न माझ्या नेहमीच्या कामाचाच आहे. मोठ्या बोअरच्या दोननळी रायफलीइतके या प्रश्नाचे स्वच्छ उदाहरण मला दुसरे सापडले नाही.

पुसदच्या आसपासचे जंगल आपल्या परिचयाचे आहे. पैनगंगेचे खोरे, उमरखेडकडचा साग, पांढरकवड्याकडचे टिपेश्वर ही नावे आपण वाघाबरोबरच घेतो. इंग्रजी अमलात वऱ्हाड आणि मध्य प्रांतात साहेब लोक शिकारीला येत, तेव्हा त्यांच्या हातात बहुधा दोन नळ्यांची रायफल असे. दोन नळ्या शेजारी शेजारी, दोन चाप, दोन स्वतंत्र यंत्रणा. एका लाकडी दस्त्यावर बसवलेल्या या दोन बंदुकाच म्हणायच्या. एक बार फुसका गेला तरी दुसरा हाताशी असतो. जखमी जनावर अंगावर आले तर हात न हलवता, नजर न काढता केवळ बोट मागच्या चापावर नेले की दुसरी गोळी सुटते. या एका क्षणासाठी ही महागडी वस्तू घडवली गेली.

आता भरणा म्हणजे काय ते पाहू. आपल्याकडे ठासणीची बंदूक सर्वांनी पाहिली किंवा ऐकलेली आहे. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर चिंधी किंवा बोळा घालायचा, शिशाची गोळी सोडायची, गजाने ठासायचे आणि मागे टोपी चढवायची. त्या काळी प्रत्येक बंदूकवाला आपला भरणा आपणच करी. पुढे पितळी काडतूस आले. त्यात चारच वस्तू असतात. पितळेची नळकांडी, तिच्या बुडाशी ठिणगी देणारी टोपी, आत दारू आणि तोंडाशी गोळी. कारखान्यात भरलेले काडतूस विकत न घेता उडालेली नळकांडी पुन्हा घेऊन, नवी टोपी, मोजलेली दारू आणि नवी गोळी घालून जे काडतूस घरी तयार करतात, त्याला हातभरणी म्हणू. एखाद्या विशिष्ट रायफलीला कोणता भरणा मानवतो हे पायरीपायरीने शोधून काढणे, याला भरणा बसवणे म्हणू.

या शास्त्राचा एक जुना अभ्यासक आपल्याच मुलखाच्या शेजारी काम करत होता. कॅप्टन जेम्स फोरसाइथ हे त्याचे नाव. मध्य प्रांताची स्थापना 1861 साली झाली. त्यानंतर तो सातपुड्यात जंगल खात्याच्या कामावर फिरला आणि पुढे निमाडमध्ये अधिकारी होता. त्याचे 'मध्य हिंदुस्थानच्या डोंगराळ प्रदेशा'वरील इंग्रजी पुस्तक 1871 साली, म्हणजे त्याच्या मृत्यूच्या वर्षीच, प्रसिद्ध झाले. ते अनेकांना ठाऊक असते. परंतु त्याआधी 1863 साली त्याने शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्या याच विषयावर एक पुस्तक लिहिले होते, हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

फोरसाइथपुढचा प्रश्न असा होता. रायफलीच्या नळीत आतून पिळाच्या खाचा असतात. गोळी त्यांत फिरत फिरत बाहेर पडते आणि भोवऱ्यासारखी स्थिर राहते. पण पीळ घट्ट असेल आणि दारू भरपूर घातली, तर मऊ शिशाची गोल गोळी खाचांना धरून फिरत नाही. ती खाचा सोडून सरळ ओरबाडत बाहेर येते आणि भलतीकडे जाते. म्हणून लोक दारू कमी घालीत. दारू कमी म्हणजे वेग कमी, वेग कमी म्हणजे गोळीचा मार्ग कमानीसारखा वाकडा. मग जनावर किती हातांवर आहे याचा अंदाज थोडा चुकला तरी नेम चुकतो. फोरसाइथने उत्तर दिले की पीळ अगदी सैल ठेवा. गोल गोळीला स्थिर राहण्यास थोडेसेच फिरणे पुरते. मग दारू भरपूर घालता येते आणि जंगलातल्या नेहमीच्या पल्ल्यात गोळी जवळजवळ सरळ जाते. हे उत्तर मला महत्त्वाचे वाटते ते अशासाठी की, त्याने दारू, पीळ आणि गोळी यांना तीन निराळ्या गोष्टी न मानता एकाच संसाराची तीन माणसे मानली. एकाचे वागणे बदलले की दुसऱ्यांनाही सावरून घ्यावे लागते.

येथे 'बोअर' या शब्दाचा उलगडा करून ठेवतो. एका पौंडाच्या, म्हणजे सुमारे 454 ग्रॅम शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यांतली एक ज्या नळीत बरोबर बसेल ती बारा बोअर. अशी गोळी सुमारे 38 ग्रॅमची होते. चौदा केल्या तर चौदा बोअर आणि गोळी सुमारे 32 ग्रॅमची. म्हणून आकडा लहान तितकी नळी मोठी. पुढे मापे इंचाच्या अंशांत सांगू लागले, तेव्हा ही उलटी गणना रायफलींच्या बाबतीत मागे पडली.

दारूचे आणि गोळीचे वजन मात्र आजही ग्रेनमध्ये सांगतात. ग्रेन म्हणजे मुळात धान्याचा दाणा. आपल्या सराफाच्या गुंजेचाच हा विलायती भाऊ. कंपनी सरकारने 1833 साली तोळ्याचे वजन 180 ग्रेन ठरवले. तेव्हा 15 ग्रेन म्हणजे एक मासा. या हिशेबाने पुढचे आकडे आपल्या तराजूत सहज बसतील.

काळी दारू जाऊन बिनधुराची दारू आली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. ब्रिटनमध्ये 1889 साली कॉर्डाइट तयार झाले. त्याचे रूप शेवयांसारखे, लांब दोऱ्यांचे. त्यातला एक मुख्य घटक आम्हा यवतमाळ जिल्ह्यातल्या लोकांना जवळचा आहे. कापसावर तीव्र आम्लांची क्रिया करून जो ज्वालाग्राही पदार्थ होतो, तो कॉर्डाइटमध्ये नायट्रोग्लिसरिनबरोबर मिसळलेला असे. ज्या कापसाने माणसाची लाज झाकली, त्याच कापसाने गोळीलाही वेग दिला.

लंडनच्या रिग्बी या कारखानदाराने 1898 साली .450 नायट्रो एक्सप्रेस हे काडतूस आणले. त्याची गोळी 480 ग्रेनची, म्हणजे दोन तोळे आठ मासे. दारू 70 ग्रेन, पाच माशांहूनही थोडी कमी. तेवढ्यावर ती गोळी सेकंदाला सुमारे 650 मीटर वेगाने निघे. पुढे 1907 च्या सुमारास सरकारने हिंदुस्थानात या मापाच्या काडतुसांच्या आयातीस बंदी केली. लष्कराच्या जुन्या मार्टिनी-हेन्री बंदुकांचे माप हेच असल्याने या गोळ्या बंडखोरांच्या हाती पडतील अशी धास्ती होती. तेव्हा कारखानदारांनी .465, .470, .475 अशी किंचित वेगळी मापे बाजारात आणली. आज जगभर ज्या मापांचे एवढे कौतुक होते, त्यांतली बरीचशी हिंदुस्थानातल्या या बंदीमुळे पुढे आली.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. एकनळी रायफलीला भरणा थोडा कमीजास्त झाला तर गोळी थोडी वर किंवा खाली लागते. नेमाची पट्टी सरकवली की काम भागते. दोननळीत तसे होत नाही. का, ते समजून घ्यावे.

बार उडताच रायफल मागे धक्का देते, आणि हा धक्का गोळी नळीत असतानाच सुरू होतो. गोळी नळीत असते सेकंदाचा साधारण पाचशेवा भाग. तेवढ्यात पाच किलो वजनाची रायफल चार-पाच मिलिमीटर मागे सरकलेली असते. उजवी नळी रायफलीच्या मध्यरेषेच्या उजवीकडे आहे. म्हणून तिचा धक्का रायफलीला नुसता मागे ढकलत नाही, तोंड वर आणि उजवीकडे वळवतो. डावी नळी उडाली की तोंड वर आणि डावीकडे वळते. बैलगाडीच्या एकाच बैलाने ओढ घेतली की जू तिरके होते, तसेच हे. तेव्हा दोन्ही नळ्या अगदी समांतर जोडल्या तर उजवीची गोळी उजवीकडे आणि डावीची डावीकडे जाईल.

यावर कारागिराची युक्ती अशी की, नळ्या तोंडाकडे किंचित जवळ आणायच्या. नुसत्या डोळ्याने पाहिले तर त्यांच्या रेषा थोड्याच अंतरावर एकमेकींना छेदतात असे दिसेल. परंतु गोळी बाहेर पडेपर्यंत धक्क्याने तोंड जेवढे बाहेर वळते, तेवढेच हे आत वळणे भरून काढते, आणि दोन्ही गोळ्या शेजारी शेजारी जाऊन पडतात. हे गणिताने पूर्ण साधत नाही. कारागीर दोन नळ्यांच्या तोंडांमध्ये लहानशी पाचर ठेवून तात्पुरता डाक देतो, बाहेर जाऊन निशाणावर बार काढतो, गोळ्या कोठे लागल्या ते पाहतो, डाक तापवून पाचर केसभर सरकवतो आणि पुन्हा बार काढतो. दोन्ही नळ्या एका मुठीत येईपर्यंत हे चालते. मग डाक कायमचा होतो. ज्या भरण्याने ही जुळणी केली, त्या दारूचे आणि गोळीचे वजन नळीच्या पोलादावर कोरले जाई. तो आकडा म्हणजे त्या रायफलीचा करारनामाच होय.

यावरून पुढचा नियम आपोआप निघतो. भरणा कमजोर असेल तर गोळी नळीत जास्त वेळ रेंगाळते, तोवर तोंड जास्त बाहेर वळते, आणि दोन गोळ्या एकमेकींपासून दूर पडतात. भरणा फार जोराचा असेल तर गोळी तोंड वळण्याआधीच निसटते, आणि उजवीची गोळी डावीकडे, डावीची उजवीकडे अशी काट होते. जास्त दारू म्हणजे जास्त चांगली रायफल, ही समजूत येथे साफ खोटी ठरते. दोन्ही नळ्यांना एकाच वेळी मानवणारा वेग एकच असतो, आणि तो शोधणे हेच भरणा बसवणे.

आपल्या उन्हाळ्याने या प्रश्नाला आणखी एक पदर जोडला. कॉर्डाइट तापले की त्याचा दाब वाढतो. विलायतेच्या थंडीत जुळवलेली रायफल विदर्भाच्या वैशाखात, पारा 44-45 अंशांवर असताना, उन्हात तापलेले काडतूस घेऊन उडवली तर वेग वाढे, दाब वाढे, आणि कधी उडालेली नळकांडी फुगून नळीत घट्ट रुतून बसे. वाघ समोर असताना रायफल उघडेनाशी होणे याचा अर्थ सांगायला नको. म्हणून उष्ण प्रदेशासाठी थोडी कमी दारू घातलेली काडतुसे निराळी विकली जात, आणि येथे येणाऱ्या रायफली त्याच भरण्यावर जुळवल्या जात.

1960 नंतरच्या दहा-बारा वर्षांत ब्रिटनमधील मोठ्या कारखान्याने ही जुनी काडतुसे करणे बंद केले. आपल्याकडे 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि वाघाची शिकार हा गुन्हा ठरला. आपल्याकडच्या दोननळ्या कपाटात गेल्या. परंतु आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, अमेरिका या देशांत ज्यांच्याजवळ त्या होत्या, त्यांना स्वतः भरणा बसवण्यावाचून गत्यंतर राहिले नाही. कॉर्डाइट मिळेना, नव्या दारूचा स्वभाव निराळा. तेव्हा त्यांनी जी शिस्त बसवली तिचे टप्पे सांगतो. आकडे सांगत नाही, कारण एका रायफलीचा आकडा दुसरीला जीवघेणा ठरू शकतो.

पहिला टप्पा नळीवर कोरलेला करार वाचण्याचा. गोळी त्याच वजनाची घ्यायची. ती फार कठीण धातूचीही असू नये, कारण जुन्या नळीचे पोलाद पातळ असते आणि खाचा आतून उमटून बाहेर दिसू लागतात. दुसरा टप्पा, खालून सुरुवात करण्याचा. सुरक्षित ठरलेल्या सर्वांत कमी भरण्यापासून चढत जायचे, उलट कधीच नाही. तिसरा टप्पा वेग मोजण्याचा. गोळीचा वेग मोजणारे यंत्र आता सहज मिळते. मूळ कॉर्डाइटचा जो वेग होता तोच गाठायचा, त्याहून पुढे जायचे नाही. चौथा टप्पा निशाणाचा. उजवी, मग डावी, ठरावीक अंतराने, नळ्या थंड करून पुन्हा उजवी, डावी. गोळ्या दूर पडल्या तर वेग कमी आहे, काट झाली तर जास्त. पाचवा टप्पा प्रत्येक उडालेली नळकांडी तपासण्याचा. ती सहज निघाली का, टोपी चपटी झाली का, पितळेला चीर गेली का, ते पाहायचे. या सर्वांवर एक नियम असा की एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बदलाची नोंद वहीत करायची. दारूही बदलली, टोपीही बदलली, गोळीही बदलली, तर निकाल कशाचा हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

आपल्या देशात हे सारे घरी करू पाहणाऱ्याने थांबावे. 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्यावाचून दारूगोळा तयार करणे हा गुन्हा आहे. कायद्याचे भय बाजूला ठेवले तरी, रानडुकरे मारण्यासाठी गावठी बॉम्ब करताना हात गमावलेली माणसे विदर्भातल्या खेड्यांत आहेत. तेथे वजन अंदाजाने होते, वही नसते, आणि चूक दाखवणारी खूण येण्याआधी स्फोट येतो.

आता ज्या बाजूने मी या विषयाकडे आलो ती बाजू सांगतो. दोननळीतला दुसरा बार कोणासाठी होता? पुस्तके सांगतात, शिकाऱ्यासाठी. पण हाका करताना वाघाच्या अंगावर जाणारा माणूस निराळा होता. गोंड, कोरकू, कोलाम, बंजारा, गावचा मजूर हातात काठी आणि डबा घेऊन रांगेने झुडपांत शिरे. त्याला कधी थोडे पैसे मिळत, कधी वेठच असे. साहेब मचाणावर, हाकेकरी जमिनीवर. पहिली गोळी पोटात लागून वाघ मागे फिरला तर तो रांगेवरच येई. म्हणजे लंडनच्या कारागिराने पाचर केसभर चुकीची बसवली, किंवा कोणी उन्हात तापलेले काडतूस वापरले, तर त्याची किंमत या माणसाने मोजायची. त्याला भरण्याविषयी कोणी विचारले नव्हते.

दुसरा माणूस काडतूस भरणारा. आपल्या महाराष्ट्रात खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 पासून आहे. वरणगाव, भद्रावती, अंबाझरी आणि भंडाऱ्याजवळचे जवाहरनगर येथेही अशीच कामे चालतात. जुना आयुध निर्माणी मंडळाचा कारभार 1 ऑक्टोबर 2021 पासून संपला आणि हे कारखाने सरकारी कंपन्यांकडे गेले. या कामात चपलेला खिळा चालत नाही, खिशात काडेपेटी चालत नाही, हत्यार ठिणगी न देणाऱ्या धातूचे लागते. दाराशी तांब्याच्या पत्र्याला हात लावून अंगातली वीज जमिनीत सोडून मग आत जावे लागते. एका खोलीत माणसे किती आणि माल किती यालाही मर्यादा असते. हे नियम कोणी साहेबाने सुचले म्हणून केलेले नाहीत. प्रत्येक नियमामागे कोठेतरी एक अपघात आहे.

आणि अपघात संपलेले नाहीत. नागपूरजवळ बाजारगाव येथे 17 डिसेंबर 2023 रोजी स्फोटकांच्या खाजगी कारखान्यात नऊ कामगार गेले, त्यांत सहा स्त्रिया होत्या. जवाहरनगरला 24 जानेवारी 2025 रोजी आठ गेले. स्फोटकांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय नागपुरातच आहे. प्रत्येक घटनेनंतर चौकशी होते, भरपाई जाहीर होते. त्या दोन घटनांची कारणे मी येथे सांगत नाही, ते चौकशीचे काम आहे. पण चाळीस वर्षांच्या आतबाहेर कामगारांत वावरल्यावर एक गोष्ट ठामपणे सांगतो. ज्या खोलीत दिवसाचा आकडा पूर्ण करण्याची घाई असते, तेथे 'खालून सुरुवात करा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला' हा नियम सर्वांत आधी मोडतो.

रायफलीचा हौशी मालक एका भरण्यासाठी महिनोन्महिने घालवतो. एक एक ग्रेन तोलतो, प्रत्येक नळकांडी उजेडात धरून पाहतो, शंका आली की त्या दिवशी बार काढत नाही. त्याला कोणी आळशी म्हणत नाही, उलट जाणकार म्हणतात. हेच धोरण स्फोटकांच्या खोलीतल्या बाईने पाळले, शंका आली म्हणून हात थांबवला, तर तिची रोजी कापली जाता कामा नये. संघटनेची मागणी एवढीच असते. शंका आल्यावर थांबण्याचा हक्क आणि चुकीची नोंद करणाऱ्यावर कारवाई न होण्याची हमी, या दोन गोष्टी कामगाराच्या करारात लिहिलेल्या असल्या पाहिजेत, जसा नळीच्या पोलादावर तिचा भरणा कोरलेला असतो.

दोननळी रायफलीने मला शिकवले ते असे की बळ जास्त असणे आणि काम बरोबर होणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दोन नळ्या एका ठिकाणी लागतात त्या जास्त दारूने नव्हे, योग्य मापाने. आणि ते माप जो प्रत्यक्ष हाताने भरतो, त्याला तराजू, वेळ आणि थांबण्याचे स्वातंत्र्य दिले तरच ते माप टिकते.